आगगाडीतल्या रेंजला वाली कोण?

गणपतीला गावी निघालेल्या मुंबईकराला कोकण रेल्वेवर एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. जे पाहायचं, ऐकायचं असेल ते पनवेलच्या आत फोनमध्ये उतरवून घ्यायचं. रोहा सोडलं की रेंजचा भरवसा धरता येत नाही. डोंगर, खोल कटिंग, बोगदा. बोगद्यातून बाहेर आल्यावर तुंबलेले दोन-चार मेसेज एकदम वाजतात, थांबलेलं गाणं अर्धं कडवं पुढे सरकतं आणि पुढचा बोगदा येतो. रोहा ते ठोकूर या सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी ताशी 80 किलोमीटरने गेली तरी तो ओलांडायला पाच मिनिटं लागतात.

व्हिडिओच्या हिशेबात पाच मिनिटं म्हणजे फार झाली. आपण फोनवर जे बघतो ते अखंड येत नसतं. काही सेकंदांचा एक, असे तुकडे एकापाठोपाठ एक येत असतात आणि अ‍ॅप त्यातले पुढचे थोडे तुकडे आधीच आणून ठेवतं. हा साठा साधारण अर्ध्या-एक मिनिटाचा, कधी त्याहून थोडा जास्त. क्रिकेटची मॅच किंवा पंढरपूरची पूजा थेट चालू असेल तर काही सेकंदांचाच, कारण पुढचं अजून घडलेलंच नसतं. नेट मंदावलं की अ‍ॅप चित्राचा दर्जा उतरवतं आणि कसंबसं चालू ठेवतं. नळाची धार बारीक झाली तर ही युक्ती उपयोगी पडते. नळच कोरडा पडला तर कुठलंही अ‍ॅप काही करू शकत नाही.

आणि बोगदा नसला तरी गाडीतलं नेट घरच्यासारखं नसतं. धावत्या गाडीतला फोन दर काही मिनिटांनी एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जातो. तो एकटा जात नाही. वीस-बावीस डब्यांच्या गाडीत हजार-दीड हजार माणसं असतात आणि त्या सगळ्यांचे फोन एकाच वेळी त्या टॉवरवर येऊन पडतात. टॉवर उभारलेला असतो आसपासच्या चार वाड्यांच्या वापराचा अंदाज घेऊन. म्हणूनच दांड्या पूर्ण दिसतात आणि स्क्रीनवर मात्र गोल फिरत राहतं. त्यात डब्याचाही वाटा असतो. जुन्या निळ्या डब्याची उघडी खिडकी लहरींना आत येऊ देते. नव्या एलएचबी पद्धतीच्या एसी डब्याचं अंग स्टेनलेस स्टीलचं, खिडक्या कायमच्या बंद, काचांवर उष्णता अडवणारा थर. सिग्नलचा बराच भाग तिथेच अडतो. एसीचं तिकीट काढणाऱ्याने जास्त पैसे मोजावेत आणि त्याच्याच डब्यात रेंज कमी मिळावी, हे नव्या डब्यांची रचना करताना कुणीतरी पाहायला हवं होतं.

माझा मुद्दा तंत्राचा नाही. तंत्राची उत्तरं माहीत आहेत. धावत्या डब्यातल्या प्रवाशाला नेट मिळतं की नाही याची जबाबदारी आज कायद्याने, कराराने किंवा संकेताने कुणाचीच नाही, आणि म्हणूनच ते मिळत नाही, असं मला म्हणायचं आहे. रेल्वे म्हणते, मोबाइल सेवा हे आमचं काम नव्हे. दूरसंचार कंपन्या म्हणतात, रुळांलगतची जमीन आणि बोगदे रेल्वेचे, तिथे आम्हाला मुक्त प्रवेश नाही आणि तिथे वस्तीही नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. मधल्या मधे प्रवासी राहतो. त्याने रेल्वेला तिकिटाचे पैसे दिलेले असतात आणि कंपनीला 28 किंवा 84 दिवसांच्या रिचार्जचे.

रेल्वेने आजवर काय केलं ते पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलवर गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी मोफत वाय-फाय सुरू केलं. 2018 पर्यंत ते 400 स्टेशनांवर पोचलं. 2020 मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, रेलटेलने काम पुढे चालू ठेवलं आणि आता सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ही सोय आहे. काम मोठं आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण अर्धा तास मोफत मिळणारं हे नेट फलाटावर मिळतं. गाडी फलाटावर पाच मिनिटं थांबते आणि रुळांवर दहा तास धावते. धावत्या गाडीचं काय, तर हावडा राजधानीत उपग्रहामार्फत वाय-फाय देण्याचा प्रयोग झाला. तो बंद केल्याचं सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये लोकसभेत सांगितलं. खर्च फार, बँडविड्थचं, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेचं, भाडं वारंवार भरावं लागतं आणि एवढं करून प्रवाशाच्या वाट्याला पुरेसं नेट येत नाही, अशी कारणं दिली गेली. ती कारणं मला पटतात. शिवाय उपग्रह बोगद्यात दिसत नाही. पण तो प्रयोग बंद झाल्यावर विषयच बंद झाला, हे पटत नाही.

त्याआधी 2017 मध्ये मुंबई-करमळी तेजस सुरू झाली तेव्हा प्रत्येक आसनामागे पडदा बसवला होता. 2020 मध्ये रेलटेलने डब्यातच सर्व्हर बसवून सिनेमे आणि मालिका दाखवण्याचं कंत्राट दिलं. पुढे मुंबईच्या काही लोकलमध्येही तसा प्रयत्न झाला. यातलं काहीच रुजलं नाही. प्रवाशाला कुणीतरी निवडून दिलेले पन्नास सिनेमे नको असतात. त्याला काल अर्धवट राहिलेला भाग, आपल्या शिक्षकाचं व्याख्यान, आपल्या गावच्या जत्रेतलं थेट चाललेलं दशावतार हवं असतं. या सगळ्या योजना नसलेल्या रेंजला वळसा घालून गेल्या. रेंज आणण्याचं काम कुणी अंगावर घेतलं नाही.

अंगावर न घेण्याचं सर्वांत ताजं आणि सर्वांत ठळक उदाहरण मुंबईतच घडलं. भुयारी मेट्रो 3 चा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आणि आरे ते कफ परेड असा पूर्ण साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला. देशाच्या आर्थिक राजधानीतली, एकविसाव्या शतकात खणलेली ही भुयारं. आणि सुरुवातीला त्यात उतरलं की फोन मुका व्हायचा. मेट्रो महामंडळाने भुयारातली मोबाइल यंत्रणा उभारायला एक त्रयस्थ कंपनी नेमली होती. मोठ्या दूरसंचार कंपन्यांचं म्हणणं पडलं की तिचे दर अवास्तव आहेत, आमची यंत्रणा आम्हाला उभारू द्या. वाद पैशांचा आणि हक्काचा होता, लहरींचा नव्हता. तो चालू असताना लोक तिकीटखिडकीपाशी यूपीआयचं पान उघडायची वाट बघत उभे होते. शेवटी स्टेशनांवर तिकिटापुरतं वाय-फाय द्यावं लागलं. कोलकात्यात हुगळी नदीच्या पात्राखालून जाणाऱ्या मेट्रोत मोबाइल चालतो, दिल्लीच्या भुयारांत कित्येक वर्षं चालतो. नदीखाली जमलं ते वरळीखाली वेळेत जमलं नाही, याला भूगर्भशास्त्र कारण नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. गाडीत रील बघायला नाही मिळाली तर काय बिघडलं? खिडकीबाहेर बघा, पुस्तक वाचा. मला स्वतःला गाडीत वाचायला आवडतं आणि पावसाळ्यात भोर घाट चढताना फोन खिशात राहतो. पण माझी आवड दुसऱ्यावर लादायचा मला हक्क नाही. शिवाय गाडीत फोन उघडून बसलेला माणूस काय करतो हे जरा नीट पाहायला हवं.

एकदा पावसाळ्यात रत्नागिरीहून परतताना समोरच्या बाकावर नर्सिंगची विद्यार्थिनी होती. परीक्षा जवळ आलेली, क्लासच्या अ‍ॅपवर औषधांच्या मात्रांचं व्याख्यान चालू होतं. ते अ‍ॅप व्हिडिओ डाउनलोड करू देत नव्हतं. बोगदा आला की व्याख्यान थांबायचं, बाहेर आलं की अ‍ॅप पुन्हा ओटीपी मागायचं, ओटीपी येईपर्यंत पुढचा बोगदा. मांडीवरच्या वहीत तिने अर्धं सूत्र लिहून पुढे टिंबटिंब दिलं होतं, उरलेलं ऐकायला मिळेल तेव्हा भरायला. खेडच्या पुढे तिने फोन ठेवून दिला आणि नुसती वही वाचत बसली. हॉस्टेलला पोचल्यावर रात्रपाळी होती. अभ्यासाला तिच्याकडे गाडीतले तेवढेच तास होते.

कसारा, कर्जत, विरार, बोईसरहून रोज दोन-दोन तास लोकलने येणाऱ्या हजारो लोकांचं असंच आहे. एमपीएससीची चालू घडामोडींची व्याख्यानं, इंग्रजी संभाषणाचे धडे, बाबामहाराजांपासून आजच्या तरुण कीर्तनकारांपर्यंतची कीर्तनं, मराठी पॉडकास्ट; या माणसांना ऐकायला मिळणारा दिवसातला निवांत वेळ तोच. पुण्याहून मुंबईला रोज जाणारा पासधारक कर्जत ते लोणावळा या 28 किलोमीटरच्या घाटात मीटिंगमधून गायब होतो. चढ 1:37 चा, गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लावावं लागतं, वेग कमी, त्यामुळे रेंज नसलेली वेळही लांबते. आणि वेळेत गावी पोचणं शक्य नाही म्हणून गाडीतूनच व्हिडिओवर आईवडिलांचं शेवटचं दर्शन घेणारी माणसं कोकणच्या गाड्यांना नवीन नाहीत. त्या क्षणी गोठलेल्या चित्रापुढे बसलेल्या माणसाला पुस्तक वाचा म्हणून सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून पडून माणसं गेली. जिथे उभं राहायला जागा नाही तिथे स्ट्रीमिंगची चर्चा कशाला? प्राधान्यक्रम मला मान्य आहे. रेल्वेच्या तिजोरीतला एक रुपया खर्चायचा असेल तर तो आधी जादा गाड्यांवर आणि बंद दरवाज्यांवर खर्चावा. पण इथे मागणी रेल्वेच्या रुपयाची नाही. पैसे प्रवाशाने कंपनीला आधीच दिलेले आहेत. रेल्वेने जागा, वीज आणि परवानगी द्यायची, भाडं घ्यायचं. दुसरं असं की व्हिडिओ ही रेंजची सर्वांत कठीण परीक्षा आहे. जिथे व्हिडिओ न अडखळता चालतो तिथे फोन लागतोच. रात्री एकट्या बाईला डब्यात त्रास झाला, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर मदत मागायची 139 वर किंवा रेल मदद अ‍ॅपवर. रेल्वेने तक्रारीची सगळी दारं मोबाइलवर नेली आहेत आणि मोबाइल चालेल याची हमी मात्र घेतलेली नाही.

डब्यात मोठ्याने वाजणाऱ्या फोनचा त्रास खरा आहे. त्यावर इयरफोनची सक्ती हा उपाय आहे. सर्वांचं नेट बंद ठेवणं हा उपाय नव्हे.

नियम काय सांगतात? दूरसंचार नियामक ट्रायने 2015 मध्ये कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम केला होता. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. 2024 च्या सेवा दर्जाच्या नियमांत सेवा बंद पडल्याबद्दल भरपाई आहे, पण एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ सेवा बंद राहिली तर. जिल्हा एका जागी असतो, प्रवासी नसतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा तीन जिल्ह्यांतून जाताना त्याचे चार तास कोरडे गेले तरी कुठल्याही जिल्ह्यात सेवा बंद पडलेली नसते. कंपन्यांनी आता आपल्या संकेतस्थळांवर रेंजचे नकाशे टाकले आहेत. त्यात गावं रंगवलेली असतात. स्टीलच्या डब्याच्या आत, ताशी शंभरच्या वेगात काय मिळतं, याचा त्या रंगाशी संबंध नसतो. माझ्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे मी एकदा घाटातल्या रेंजची तक्रार केली तेव्हा मला पिनकोड विचारला गेला. चालत्या गाडीचा पिनकोड मी कुठून सांगणार? मी शेवटी घरचा सांगितला, आणि त्या भागात सेवा उत्तम असल्याचं सांगून तक्रार बंद झाली.

जर्मनीने 2019 मध्ये स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल लहरींच्या पट्ट्यांचा, लिलाव केला तेव्हा अट घातली: ज्या रेल्वेमार्गावर दिवसाला दोन हजारांहून जास्त प्रवासी आहेत त्या मार्गावर 2022 अखेरपर्यंत सेकंदाला 100 मेगाबिटचं नेट पोचलं पाहिजे. सगळं वेळेत झालं असं नाही. पण अट लिहिलेली असल्यामुळे चुकलेल्या कंपनीला जाब विचारता आला. डब्यांच्या काचांवरच्या धातूच्या थरात लेसरने बारीक रेषा कोरून लहरींना वाट करून देण्याचं कामही तिथल्या रेल्वेने केलं. आपल्याकडे डबे चेन्नई, कपूरथळा, रायबरेली आणि लातूर इथल्या कारखान्यांचे. काच कशी हवी हे रेल्वेनेच ठरवायचं असतं.

दोन हजारांची अट आपल्याला लावली तर देशातले जवळपास सगळे मुख्य मार्ग त्यात येतील. पुढच्या प्रत्येक स्पेक्ट्रम लिलावात ही अट असावी, आणि मोजमाप डब्याच्या आत, खिडकी बंद ठेवून व्हावं. ट्राय रस्त्यांवर चाचण्या घेते, काही वेळा रेल्वेमार्गांवरही घेते. त्या सर्व मुख्य मार्गांवर दर वर्षी घ्याव्यात आणि निकाल स्टेशनागणिक, कंपनीच्या नावासकट छापावेत. खेड ते चिपळूण कोणाची रेंज आहे हे कळलं तर सावंतवाडीचा माणूस सिम बदलेल. कंपनीला दंडापेक्षा याची भीती जास्त असते.

रेल्वेचा वाटाही लहान नाही. रेलटेलचं फायबरचं जाळं 60 हजार किलोमीटरहून मोठं आहे आणि ते रुळांलगतच आहे. जून 2021 मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेला स्वतःच्या सुरक्षित संपर्कासाठी 700 मेगाहर्ट्झमधला 5 मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या कवच यंत्रणेसाठी रुळांच्या कडेने टॉवर उभे राहत आहेत. हा पट्टा प्रवाशांच्या करमणुकीसाठी नाही आणि नसावा. पण टॉवर, वीज आणि फायबर तिथे असणारच आहेत, तर त्याच खांबांवर चारही कंपन्यांना समान भाड्याने जागा द्यायला काय हरकत आहे? बोगद्यात भिंतीच्या कडेने एक खास केबल टाकतात, जिच्या अंगातून सिग्नल ठरावीक अंतरावर बाहेर झिरपतो. ती एकदाच टाकायची, मालकी रेल्वेची ठेवायची आणि भाडं नियामकाने ठरवायचं, म्हणजे मेट्रो 3 सारखं भांडण होणार नाही. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हा मोबाइल मोजक्या हातांत होते, तेव्हाचा दोष कुणाला देता येत नाही. पण विद्युतीकरणासाठी एकूण एक बोगद्यात माणसं शिरली, छताला कंस ठोकले, तारा ओढल्या, आणि जून 2022 मध्ये ते काम देशाला अर्पण झालं. ती केबल त्याच वेळी टांगता आली असती.

अ‍ॅप चालवणाऱ्यांनाही यातून मोकळं सोडू नये. तासाभराचं नुसतं बोलणं कमी दर्जात 15 एमबीतही मावतं. तेवढ्याच वेळाच्या चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला एक जीबीहून जास्त लागतो. तरीही नुसता आवाज ऐकण्याची सोय, स्क्रीन बंद ठेवून ऐकण्याची सोय आणि डाउनलोडची सोय या अनेक ठिकाणी जादा पैशांच्या योजनेत टाकलेल्या असतात. रेंज आल्यावर आधी जाहिरात पूर्ण दर्जात येते आणि मग व्याख्यान. ज्याच्याकडे घरी वाय-फाय आहे त्याला या सोयींची गरज कमी. ज्याचं सगळं जग दिवसाच्या दीड जीबीत बसवलेलं आहे, त्यालाच त्या मिळत नाहीत. निदान शिक्षणाच्या अ‍ॅपना डाउनलोड देणं बंधनकारक करायला काहीच अडचण नसावी; ज्या विद्यार्थ्याने फी भरली आहे त्याच्याशी हा व्यवहार साधा न्यायाचा आहे.

आणि हे सगळं मागायची वेळ आत्ता आहे, कारण नवे बोगदे आत्ता खणले जात आहेत. पनवेल-कर्जत या नव्या लोकल मार्गावर वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा झाला आहे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीच्या खालून. या दोन्ही कामांच्या निविदांत मोबाइलच्या केबलसाठी काय तरतूद आहे, तिचं भाडं कोण ठरवणार आणि पहिली गाडी धावेल त्या दिवशी फोन चालेल याची सही कोणाची असेल, हे रायगड आणि ठाण्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात लेखी विचारावं.